श्वास मोजला नाही, १८ लिहिलं

एका नवीन नर्सचं मला पत्र आलंय, ते असं आहे:

"ताई, जीएनएमचा नर्सिंग कोर्स होऊन एक वर्ष झालं, या हॉस्पिटलला लागून चार महिने. तालुक्याच्या ठिकाणचं खाजगी हॉस्पिटल आहे, नाईटला मेडिकल वॉर्डात २२ पेशंट आणि मी एकटी, सोबत एक मावशी. गेल्या आठवड्यात बेड ९ ला ५८ वर्षांच्या एक बाई होत्या, शुगरच्या पेशंट, लघवीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट. रात्री दोनला बघितलं तेव्हा ताप १०१, पल्स ११२, बीपी १०८/७०, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) ९६. सारखी गोधडी ओढत होत्या आणि सुनेला भलत्याच नावाने हाक मारत होत्या. श्वास जोरात चाललाय असं वाटलं पण मोजला नाही. चार्टवर वर सगळीकडे १८ होतं, मी पण १८ लिहिलं आणि खाली कॉन्शस, ओरिएंटेड (शुद्धीवर, भान नीट). तरी मन लागेना म्हणून आरएमओ सरांना (रात्रीच्या ड्युटी डॉक्टरांना) फोन केला की पेशंटला बरं वाटत नाहीये, जरा येता का. त्यांनी बीपी आणि सॅच्युरेशन विचारलं आणि पॅरासिटामॉल द्या म्हणाले. पाच वाजता बीपी ८०/५० लागलं. आयसीयूत हलवलं, सेप्सिस निघालं (इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडायला लागतात ते). आता सुधारतायत, पण आयसीयूतच आहेत. सिनियर सिस्टर म्हणतात की फोन तर तू केलेलाच आहेस, दोनच्या रकान्यात १८ चं २४ करून टाक म्हणजे सगळं जुळेल, आपल्यावर काही येणार नाही. मी अजून काही केलेलं नाही. रोज घरी जाऊन रडते. मी या कामाच्या लायकीची नाहीये का? सोडून देऊ का?"

अगं, सगळ्यात आधी फाईलचं बोलते, कारण बाकीचं सगळं दोन दिवसांनी बोललं तरी चालेल पण हे आजचं आहे. त्या १८ चं २४ करू नकोस. कोणीही सांगितलं तरी नाही. एक तर २४ हा पण मोजलेला आकडा नाहीच, म्हणजे एक खोटा आकडा खोडून तिथे दुसरा खोटा आकडा बसणार. दुसरं म्हणजे आयसीयूत शिफ्ट करताना त्या फाईलचे कागद कोणकोणाच्या हातात गेले, नातेवाईकांनी मोबाईलवर फोटो काढलेत का, हे तुला माहीत नाही आणि तुझ्या सिनियरना पण माहीत नाही. नातेवाईकांनी कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, आणि आधीच्या फोटोत १८ आणि नंतरच्या झेरॉक्सवर २४ निघालं तर त्यानंतर त्या फाईलमधल्या खऱ्या नोंदींवर पण कोणी विश्वास ठेवत नाही. तू फोन केलास ही नोंद खरी आहे, ती सुद्धा त्यात बुडेल.

काय करायचं ते सांगते. आधी इन्चार्ज सिस्टरना आणि त्याच जर खोडायला सांगत असतील तर थेट मेट्रन मॅडमना भेट आणि जे झालं ते तोंडाने सांग. इन्सिडन्ट रिपोर्टचा फॉर्म असेल तर तो भर (एनएबीएच, म्हणजे दर्जाचं सर्टिफिकेट घेतलेलं हॉस्पिटल असेल तर असतोच), नसेल तर साध्या कागदावर तारीख वेळ टाकून लिहून दे आणि त्याची पोच घे. आणि फाईलमध्ये काही घालायचं ठरलं तर ते लेट एंट्री म्हणून, आजची तारीख, आत्ताची वेळ, खाली तुझी सही. जुना आकडा तसाच दिसला पाहिजे, व्हाईटनर नाही, गिरवणं नाही. मजकूर अगदी साधा ठेव: दोन वाजता श्वास जलद वाटला, मोजलेला नव्हता, चार्टवरचा १८ हा मोजलेला आकडा नाही, पेशंट अस्वस्थ होत्या, सुनेला ओळखण्यात गोंधळ होत होता, अमुक वाजता आरएमओंना फोन केला, त्यांनी अमुक सांगितलं. फोनची वेळ तुझ्या मोबाईलवर असेल, ती बघूनच लिही. मला वाटतं, असं वाटायला हवं होतं, सरांनी यायला हवं होतं, यातलं काही त्यात नको. नातेवाईकांशी काय आणि कोणी बोलायचं ते कन्सल्टंटना ठरवू दे, तू कॉरिडॉरमध्ये एकटीने सुनेला काही सांगायला जाऊ नकोस, त्याने त्या माणसांचा पण गोंधळ होतो.

बोलणी बसतील म्हणून भीती वाटेल. बसतीलही. पण चार महिन्यांच्या नर्सने स्वतःहून येऊन सांगितलं की मी मोजलं नव्हतं, हे ऐकणारी मेट्रन तुला विसरणार नाही, आणि ते चांगल्या अर्थाने म्हणतेय मी.

आता चुकीबद्दल. तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुला ते पटणार पण नाही. न मोजता आकडा लिहिला ही चूकच आहे. पण ती तुझ्या एकटीची नाही. तुझ्या आधीच्या सगळ्या १८ वाल्यांची आहे. मी एकतीस वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काढली, गव्हर्नमेंट पाहिलं, प्रायव्हेट पाहिलं, आणि टीपीआर (टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन) चार्टमधला आर, म्हणजे श्वासाचा रकाना जितका खोटा भरला जातो तितकं दुसरं काहीच नाही. टेंपरेचरला थर्मामीटर आहे, बीपीला मशीन आहे, पल्स आणि एसपीओटू बोटाला लावलेली डबी सांगते. श्वासाला तुमच्या वॉर्डात मशीन नाही, त्याला फक्त सिस्टर लागते, एक घड्याळ आणि एक मिनिट. ते मिनिट कोणाकडे नसतं.

तुझ्या वॉर्डातले जुने चार्ट काढून बघ एकदा. १५ सेकंद मोजून ४ ने गुणलं तर १२, १६, २०, २४ असे ४ च्या पटीतलेच आकडे येऊ शकतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर सगळे सम आकडे. १७, १९, २१, २३ असे आकडे कुठे दिसले तरच समज की कोणीतरी पूर्ण मिनिट उभं राहिलं होतं. आणि १५ सेकंदात एक श्वास इकडे तिकडे झाला की हिशोबात ४ चा फरक पडतो, म्हणजे २४ वाली बाई २० होते आणि २० म्हटलं की आपण झोपी जातो. म्हणून पूर्ण मिनिट. आजारी माणसाचा श्वास एकसारखा चालतही नाही, दहा भराभर, मग जरा थांबा, मग परत, ते १५ सेकंदात सापडत नाही.

आणि हाच आकडा सगळ्यात आधी का बदलतो ते नीट समजून घे, कारण एकदा कळलं की तुझ्याकडून परत १८ लिहिलं जाणार नाही. इन्फेक्शन रक्तात पसरायला लागलं की अवयवांना पुरेसं रक्त पोचेनासं होतं, पेशींमध्ये लॅक्टिक ॲसिड साठायला लागतं, रक्त आंबट व्हायला लागतं. शरीराकडे त्यावर लगेच करण्यासारखं काय आहे? कार्बन डायऑक्साईड बाहेर फेकणं, कारण तो पण ॲसिडच. म्हणून श्वास वाढतो. फुफ्फुसाला काहीही झालेलं नसताना वाढतो. आणि जोरात श्वास चाललाय म्हणून ऑक्सिजन उलट चांगलाच दिसतो, ९६, ९७. बोटाची डबी रक्तात ऑक्सिजन किती आहे तेवढंच सांगते, तो टिकवायला बाईंना किती धाप लागतेय ते तिला कळत नाही. कोविडमध्ये २०२० पासून घरोघरी ऑक्सिमीटर आले, सहा मिनिटं चालून आकडा बघायची सवय लागली, त्याने तेव्हा खूप जीव वाचले हे खरंच, पण तेव्हापासून ९६ ऐकलं की नातेवाईक पण शांत, आपण पण शांत, फोनवरचा डॉक्टर पण शांत. कोविडमध्ये पुष्कळदा आकडा खाली आणि माणूस मात्र बोलतोय चालतोय असं होतं. सेप्सिसमध्ये बऱ्याचदा नेमकं उलटं, आकडा छान आणि माणूस चाललाय.

तुझेच आकडे घेऊन हिशोब करू. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज नावाचा स्कोअर काढला, २०१७ ला सुधारला, आपल्याकडे पण काही मोठ्या हॉस्पिटलांत चार्टवर छापलेला असतो. प्रत्येक तपासणीला ० ते ३ मार्क, जितके जास्त तितका पेशंट धोक्यात. बेड ९: एसपीओटू ९६ ला ०. ऑक्सिजन लावलेला नव्हता असं धरते, ०. बीपी १०८ ला १. पल्स ११२ ला २. ताप १०१ ला १. श्वास १८ ला ०. कॉन्शस, ओरिएंटेड ला ०. झाले ४. ४ म्हणजे लक्ष ठेवा, पुन्हा बघा. आता खरं काय होतं? सुनेला भलत्या नावाने हाक मारणं म्हणजे नव्याने आलेला गोंधळ, त्याचे ३. आणि श्वास २५ किंवा वर असता तर त्याचे ३. झाले १०. ७ किंवा वर गेलं की इमर्जन्सी, डॉक्टर लगेच बेडजवळ. तीच बाई, तीच वेळ, आणि चार्टवर ४. जे सहा मार्क गायब झाले ना, ते दोन्ही रकाने मशीनचे नव्हते, सिस्टरचे होते. हे तुला टोचावं म्हणून नाही लिहीत. ते दोन्ही तू बघितले होतेस. गोधडी ओढणं तुला दिसलं, हाक ऐकू आली, श्वास जाणवला. फक्त कागदावर उतरले नाहीत.

माझ्या पहिल्या वर्षीचं सांगते, १९८९ ची गोष्ट. अकरा बारा वर्षांचा मुलगा, पोटात दुखतंय आणि उलट्या, सर्जरीला ॲडमिट, अपेंडिक्स असेल म्हणून सकाळी बघू म्हणाले. आमच्या वॉर्डाच्या वयस्कर इन्चार्ज सिस्टर राऊंडला आल्या, काही न बोलता त्याच्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या, घड्याळ बघत. मला वाटलं पोट तपासतायत. मिनिटाने म्हणाल्या, ३६. मग म्हणाल्या, छातीत काही नाही, पोरगा झोपून आहे, मग धावून आल्यासारखा श्वास का घेतोय? खाली वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला, मला पण घ्यायला लावला, पिकलेल्या फळासारखा गोडसर. शुगर करायला लावली, साडेचारशेच्या वर. डायबेटिस आहे हे घरच्यांना पण माहीत नव्हतं. ऑपरेशन रद्द झालं, इन्सुलिन आणि सलाईन चालू झालं, पोरगा आठवड्याने चालत घरी गेला. सिस्टरनी डायग्नोसिस केलं नाही हां, त्यांनी श्वास मोजला आणि प्रश्न विचारला.

तर मोजायचा कसा. पेशंटला सांगायचं नाही की मी तुमचा श्वास मोजतेय, सांगितलं की माणूस श्वास मुद्दाम घ्यायला लागतो. मनगट धरायचं, पल्स एक मिनिट मोजायची आणि हात तसाच धरून ठेवायचा, त्यांना वाटतं अजून पल्सच चाललीय, तोवर तुझी नजर छातीवर किंवा पोटावर. गोधडी, चादर असेल तर थोडी खाली घे. रात्री अंधारात दिसत नसेल तर तळहात हलकेच पोटाच्या वरच्या भागावर ठेव, वर आला खाली गेला की एक. बोलत असतील तर थांब. घड्याळ मनगटावर चालत नसेल तुमच्याकडे तर युनिफॉर्मला लावायचं छोटं मिळतं ते घे. सलाईनचे ड्रॉप सेट करताना आपण सेकंद बघत उभ्या राहतोच ना, ते मिनिट आपल्याला कधी फुकट गेलं असं वाटत नाही. आणि आकड्याबरोबर कसा चाललाय ते पण बघ: मान आणि खांदे वापरतायत का, नाकपुड्या फुलतायत का, वाक्य पूर्ण होतंय का की दोन शब्दांनी थांबतायत. मोठ्या माणसाचा १२ ते २० ठीक. २१ किंवा वर गेला की कारण शोध, २५ ला फोन. आणि कमी असेल तरी, विशेषतः ट्रामाडॉल, फेंटानिल, मॉर्फिन असलं श्वास मंदावणारं वेदनेचं औषध चालू असताना ८ किंवा खाली, तर फोन नंतर, आधी हलवून जागं कर, मावशीला हाक मारून मदत बोलव, ऑक्सिजन लाव, तिथून हलू नकोस.

बावीस पेशंट आणि एकटी, मग बावीस मिनिटं कुठून आणू, हे तू विचारशीलच. मी तुला खोटं सांगणार नाही की सगळ्यांचे दर चार तासांनी होतील. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने साध्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ५ पेशंटमागे १ नर्स पाहिजे, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तर ३ मागे १. तुझ्याकडे २२ आहेत. हे तुझं अपयश नाही, हे कोणीतरी वाचवलेले पगार आहेत, आणि यावर मला खरंच राग येतो. पण आज रात्रीसाठी असं कर, ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून चार्ज) घेतानाच ठरव की आज कोणाचा श्वास मी स्वतः मोजणार. ज्यांना ताप आहे, इन्फेक्शन आहे. ज्यांची शुगर वर आहे. किडनीवाले. कालपरवा ऑपरेशन झालेले. म्हातारी माणसं जी संध्याकाळपर्यंत कटकट करत होती आणि अचानक गप्प झाली. आणि ज्यांचे नातेवाईक म्हणतात की सिस्टर, आज ह्या वेगळ्याच वागतायत. सुनेला आपल्यापेक्षा आधी कळतं गं, ती वीस वर्षं त्यांच्यासोबत राहिलीय. बावीसातले असे पाच सहा निघतील. बाकीच्यांचा मोजला नसेल तर रकाना मोकळा सोड. मोकळा रकाना बघून कोणीतरी विचारेल तरी, का नाही भरला, आणि तेव्हा सांगता येतं की २२ पेशंटला एक नर्स होती. १८ लिहिलं की तो प्रश्न कोणी कधीच विचारत नाही, ना तुला, ना मालकाला.

फोनचं. आरएमओ सरांनी यायला पाहिजे होतं, नर्स रात्री दोनला म्हणतेय या, तर यायचं, यावर माझ्या मनात काही शंका नाही. पण त्यांना तू काय दिलंस ते पण बघ: बरं वाटत नाहीये, आणि मग त्यांनी विचारलेले दोन आकडे, जे नेमके चांगले दिसणारे. फोन करायच्या आधी एक मिनिट मोज, कागदावर लिही, मग लाव. असं काहीतरी:

"सर, मेडिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय, बेड ९ साठी, पेशंट सिरीयस वाटतायत. ५८ वर्षांच्या बाई, शुगर आहे, लघवीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट. आधी नीट बोलत होत्या, आता सुनेला ओळखत नाहीयेत. श्वास २६, पूर्ण मिनिट मोजलाय. पल्स ११२, बीपी १०८/७०, ताप १०१, एसपीओटू ९६ रूम एअरवर. मला सेप्सिसची भीती वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत शुगर करते, सलाईनची लाईन चालू आहे का बघते, अजून काय करू?"

कोण, काय चाललंय, आधी काय होतं, आत्ता काय सापडलं, आणि मला काय हवंय. याला एसबार म्हणतात, अमेरिकेच्या नौदलाच्या पाणबुड्यांतून ही पद्धत हॉस्पिटलांत आली, कारण तिथे पण धोका असताना हाताखालच्या माणसाला वरच्याशी थोडक्यात आणि न घाबरता बोलावं लागायचं. शेवटचं वाक्य आपण मुली सगळ्यात जास्त गिळतो, "जरा येता का" म्हणतो. "आत्ता येऊन बघा" म्हण. यात उद्धटपणा नाहीये. सेप्सिस हा शब्द उच्चारायला घाबरू नकोस, निदान ते करतील, तू शंका सांगतेयस. तोंडी ऑर्डर दिली तर ती परत वाचून दाखव आणि वेळेसकट लिही. नाही आले तर पंधरा मिनिटांनी परत मोज, परत फोन, मग नाईट सुपरवायझर, मग कन्सल्टंट, आणि प्रत्येक फोनची वेळ नोट्समध्ये. कन्सल्टंटला रात्री तीनला उठवलं म्हणून ओरडा मी पण खाल्लाय, बऱ्याचदा, आणि दर वेळी परत उठवलंय.

आता शेवटचं, सोडू का. नाईट संपेपर्यंत हा निर्णय घेऊ नकोस. चार महिने, रात्रीची ड्युटी, अपुरी झोप, त्यात हे, यात कोणालाही नोकरी सोडावीशी वाटते. आधी दोन दिवस सुट्टी माग आणि झोप. घरी कोणाला तरी सांग, आईला, बहिणीला, वॉर्डातली एखादी मैत्रीण असेल तर तिला, एकटीने रडत बसू नकोस. झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना, ड्युटीवर जायच्या विचाराने हात कापायला लागले आणि हे पंधरा दिवसांच्या वर चाललं तर डॉक्टरांना दाखव, लाज वाटून घेऊ नकोस. आणि लायकीचं विचारतेस, तर आकडे बरे दिसत असताना तुझं मन लागेना, तू फोन उचललास, पत्रात गोधडी आणि हाक हे दोन्ही लिहिलंस. ते बघणं शिकवायला मला पोरींवर वर्षं घालवावी लागली. मोजणं आणि फोनवर बोलणं तुला महिन्याभरात येईल.

मेट्रनना भेटायला जाशील तेव्हा तिथेच एक माग, वॉर्डात सेकंदकाट्याचं भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही रांगांतून दिसेल असं. दीड दोनशेची वस्तू आहे, नाही म्हणायला कठीण जाईल त्यांना.

आणि त्या बाई आयसीयूतून वॉर्डात परत आल्या की तुझी ड्युटी असेल त्या दिवशी त्यांचं मनगट धर आणि पूर्ण मिनिट मोज. किती आला ते मला कळव.